पहिली पंगत पडलेल्यांची

दस्तगीरमामांनी आयुष्यात एकच निर्णय तीन ठिकाणी चौकशी न करता घेतला, तो लग्नाचा. "आन् तेवढाच बरोबर निघाला," मामी म्हणत. "त्यावरनं तरी माणसानं शिकायचं का न्हाई?" मामा शिकले नाहीत.

तासगावच्या आमच्या हायस्कुलात ते हेडक्लार्क होते आणि मी विज्ञान शिकवत होते. नाव दस्तगीर तांबोळी, पण शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणत. शाळेत काही घ्यायचं किंवा बांधायचं तर तीन कोटेशनं मागवायची, हा सगळीकडचाच नियम. बहुतेक ठिकाणी तो गळ्यातलं लोढणं समजून पाळतात. म्हणजे काम कुणाला द्यायचं ते आधीच ठरलेलं असतं, आणि उरलेली दोन कोटेशनं तोच ठेकेदार आपल्या मेव्हण्यांच्या नावानं आणून देतो. मामांना मात्र हा नियम मनापासून पटला होता. इतका, की तो त्यांनी शाळेच्या फाटकाबाहेरही नेला. केस कापायचे तर तीन दुकानांत डोकावून यायचं. आंबे तीन गाड्यांवर हुंगायचे. एकदा दाढ दुखायला लागली तेव्हा तीन डॉक्टरांना दाखवायचं ठरलं. दुसऱ्याच्या जिन्यातच दाढ आपणहून पडली. ती रुमालात बांधून मामा तरीही तिसऱ्याकडे गेले, कारण त्याला येतो म्हणून सांगितलं होतं. "बिचारा वाट बघत बसला आसंल," म्हणाले.

भाव तिघांचा घ्यायचा, पण तिघांपैकी एकही तोंड फिरवून गेलेला त्यांना खपत नसे. आपल्याकडे तर माणसं एवढ्यातेवढ्यावरून तोंड फिरवतात. एकाकडून भाव घेऊन काम दुसऱ्याला दिलं की पहिला बाजारात दिसल्यावर पलीकडच्या फुटपाथनं जातो, आणि त्याची बायको आपल्या घरच्या हळदीकुंकवाला येत नाही. म्हणून लोक ठेकेदारांना चोरून बोलावतात. एक सकाळी, एक दुपारी, एक दिवेलागणीला, आणि प्रत्येकाला "तुमच्याशिवाय कुणाला विचारलंच नाही" अशी थाप. तासगाव केवढं, तिघांनाही संध्याकाळपर्यंत कळलेलं असतं. मामा म्हणत, "भाव झाकला की माणूस उघडा पडतो, बाई."

ते तिघांना एकाच दिवशी, एकाच वेळी, एकाच बाकावर बसवत. तिघे ठरलेले होते. संपतराव हे फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, कवठेएकंदकडच्या वस्तीवरचे. विटांचा ढीगसुद्धा परेडीसारखा लावून घेत. इकबाल हा मामींचा धाकटा भाऊ, म्हणजे मामांचा सख्खा मेव्हणा, गोड बोलणारा आणि उशिरा येणारा. आणि बसाप्पा जतच्या पलीकडचा, बोलण्यात निम्मं कानडी, अंगात तीन माणसांची ताकद आणि राग नाकावर. बाकावर बसले की एकमेकांकडे बघत नसत. मामा चहा मागवत, आणि चहा येईपर्यंत कामाचा विषय काढत नसत. पोराबाळांची, उसाच्या तोडीची, द्राक्षाच्या छाटणीची चौकशी चाले. चहा झाला की सगळ्यांना मैदानावर नेत.

कारण मामांचा कागदावरच्या नकाशावर विश्वास नव्हता. मुलींसाठी स्वच्छतागृह बांधायचं ठरलं तेव्हा त्यांनी खेळाच्या खोलीतून मैदान आखायची पांढरी फक्की आणून ते अख्खं मैदानावर आखलं, खरोखरीच्या मापाचं. भिंती दुहेरी रेघांच्या, दारांच्या जागी मोकळी जागा, आत वॉशबेसिनचे गोल. "तिघांनी एकाच घरात हिंडून भाव द्यायचा," ते म्हणाले, "न्हाईतर एक बंगल्याचा भाव देतो, एक गोठ्याचा, आन् आमी स्वस्त कोण म्हणून गोठा घेतो." हे अगदी शहाणपणाचं होतं. पण मामा तिथं थांबले नाहीत. बसाप्पा तावातावानं बोलत रेघ ओलांडून आत आला, तसे ते ओरडले, "भित्तीतनं कुटं निघालास? दारानं ये की." बसाप्पा एवढा रागीट गडी, पण मुकाट मागे गेला आणि दारानं आला. संपतरावांनी तर आत शिरताना मान खाली घातली, चौकट डोक्याला लागू नये म्हणून.

पुढचे आठ-दहा दिवस मैदानावर ती फक्कीची वास्तू उभी होती, म्हणजे आडवी होती. कवायतीच्या तासाला मुलं तिला वळसा घालून धावत. आमचे गणिताचे सर एकदा घाईत सरळ भिंतीतून गेले, तर आठवीच्या मुली तोंडावर हात घेऊन हसत सुटल्या. मुख्याध्यापक फक्त कपाळाला हात लावत. मी मात्र मधल्या सुट्टीत मुद्दाम दारानं आत जाऊन आले. बरं वाटलं.

भाव आले की मामा तिन्ही पाकिटं तिघांसमोर फोडून मोठ्यानं वाचत. कुणाचा भाव का जास्त, सिमेंट किती, लोखंड कुठलं, याची तिथंच चर्चा होई. मग एकाला काम, आणि पडलेल्या दोघांचा सत्कार. हो, पडलेल्यांचा. टॉवेल, टोपी, नारळ. निवडून आलेल्याला काही नाही. हे त्यांनी कुस्तीच्या मैदानावरून घेतलं होतं. आमच्या भागात जत्रेच्या फडात चितपट झालेल्या पैलवानालाही रिकाम्या हातानं पाठवत नाहीत. "पडायलाबी माणूस लागतोय," मामांचं म्हणणं. "त्यो मैदानात उतारलाच न्हाई, तर ह्यो जिकल कुणाला?" शिवाय स्लॅबच्या दिवशी मटणाचं जेवण असतं, त्यात पहिली पंगत पडलेल्यांची. काम मिळालेला ठेकेदार कमरेला पंचा बांधून वाढायला.

याचा एक फायदा मला पुष्कळ उशिरा कळला. पडलेले दोघे जेवायला म्हणून येत, आणि जेवणाआधी स्लॅबखालच्या टेकूंना लाथा मारून बघत, सळ्यांमधलं अंतर बोटांनी मोजत, वाळू तळहातावर घेऊन फुंकत. प्रतिस्पर्ध्यानं केलेलं काम जितक्या प्रेमानं तपासलं जातं तितकं दुसरं काही तपासलं जात नाही. शाळेचं एकही छत गळत नाही, त्याचं कारण हे मटण आहे.

मामांची ही रीत एकदाच अंगाशी आली. सायकलशेड बांधायची होती. तिन्ही पाकिटं फोडली, तर तिन्ही भाव असे, की त्यात सायकलींसाठी महाल झाला असता. मामा चष्मा पुसून पुन्हा वाचू लागले. तिघेही आढ्याकडे बघत होते. मग ध्यानात आलं. शेडचं काम किरकोळ, कटकटीचं, आणि टॉवेल-टोपी-मटण मात्र तेवढंच. तिघांनाही पडायचं होतं.

"इकबाल, खरं सांग."

"दाजी, पडलेलं बरं आसतंय," इकबाल म्हणाला. "काम करणाऱ्याला नुसतं वाढाय लागतंय."

मामांनी पाकिटं खाली ठेवली. बाहेर गेले, शिपायाकडून थापी आणि घमेलं मागवलं, शर्टाच्या बाह्या सारल्या आणि शेडच्या जागेवर स्वतःच विटा रचायला लागले. अशी भिंत मी उभ्या जन्मात पाहिली नाही. पहिली वीट उत्तरेला, दुसरी ईशान्येला, आणि मधला माल पुरणपोळीतल्या पुरणासारखा बाहेर आलेला. वर मामा प्रत्येक वीट ठेवून मागे सरकत आणि मान तिरपी करून कौतुकानं बघत. तिघे ठेकेदार कासावीस झाले. शेवटी संपतरावांना राहवेना. "आवं मामा, पाप लागंल," म्हणत त्यांनी थापी हिसकावून घेतली. मामा उठले, हात झटकले आणि म्हणाले, "थापी ज्याच्या हातात, काम त्याचं. बाकीच्या दोघांना टोप्या आणा." संपतराव थापी हातात घेऊन तसेच उभे राहिले.

आणि अशा माणसाला स्वतःचं घर बांधता येईना.

मामा निवृत्त झाले तेव्हा ती दोघं गणपती मंदिराच्या मागच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर भाड्यानं राहत होती. मुली लग्न होऊन मिरजेला आणि पुण्याला. मामींचे दोन्ही गुडघे गेलेले. जिना अंधारा आणि उभा, कठडा हलता. एकदा त्या मधल्या पायरीवर बसल्या त्या बसल्याच, शेजाऱ्यांनी उचलून वर नेलं, तेव्हापासून खाली उतरल्याच नाहीत. दोन वर्षं होत आली. भाजीची पिशवी दोरीनं वर ओढून घ्यायच्या, गल्लीतली सगळी भांडणं वरून सोडवायच्या, पण लग्नाला नाही, मयताला नाही, ईदगाहच्या रस्त्यानं फिरायला नाही. मी शनिवारी शाळा सुटली की वर जाऊन बसायची.

गावाबाहेर बेदाण्याच्या शेडांच्या अलीकडे मामांनी पूर्वीच जागा घेऊन ठेवली होती. तिथं खालच्या खाली दोन खोल्या, पायरी नसलेलं दार, धरायला कठडा असलेली मोरी. एवढंच हवं होतं. पैशाची सोय होती. मामांनी फक्कीनं घर आखलंही होतं. तिघांना दारातून आत नेलं, भाव मागवले, आणि पाकिटं आली तशी ट्रंकेत टाकली. ती फोडायचं त्यांना धाडस होईना.

"शाळेचं काम शाळेचं व्हतं, बाई," ते मला म्हणाले. "तितं पडला तर शाळेपुढं पडला. हितं माझ्यापुढं पडणार. इकबालला न्हाई म्हटलं तर हिचं म्हायेर तुटतंय. संपतरावानं माझ्या हार्टच्या टायमाला सांगलीत सात रात्री बाकड्यावर काढल्या. आन् बसाप्पानं पोराचं नाव दस्तगीर ठेवलंय. बसाप्पानं, बघा की. सांगा, कुणाला पाडू?"

"टॉवेल-टोपी द्या की."

"आपल्या माणसाला ती टोपी फसवी आसती," मामा म्हणाले. पहिल्यांदाच मी त्यांना असं पडेल बोलताना ऐकलं.

ठेकेदारही अवघडले. मामांनी तिघांचा मोबाइलवर एक ग्रुप केला होता, नाव 'पाव्हणं'. एरवी त्यावर सकाळी फुलं, दुपारी विनोद आणि रात्री एकमेकांच्या कामातल्या चुकांचे फोटो असायचे. आता सगळे वाचत आणि गप्प बसत. पाऊस आला, फक्की वाहून गेली. मामांनी दिवाळीनंतर घर पुन्हा आखलं आणि या खेपेला स्वयंपाकघराची खिडकी मोठी केली. मामी खिडकीत बसून म्हणाल्या, "गावाची घरं विटांची, आमचं पावडरीचं." हसून म्हणाल्या, पण मी त्यांच्याकडे बघितलं आणि मला रडू आलं. मला या माणसाचा संतापही आला. एवढं मन जपणं कसलं, की जिच्यासाठी घर ती खिडकीत आणि बाकी सगळ्यांची मनं शाबूत?

मामींनी माझा चेहरा बघितला असावा. म्हणाल्या, "बाई, तुमच्या वळखीत कोण ठेकेदार हाय का? लांबचा बघा. आमच्यात कुणाचा कोण नसलेला."

होती. विट्याच्या सुरेखा माने. तिकडची निम्मी माणसं गलाईसाठी, म्हणजे सोनं गाळायच्या धंद्यासाठी, देशभर पांगलेली, यांचे यजमानही तिकडं कोइमतूरला. लांब राहणाऱ्या लोकांची घरं इकडं उभी करून देणं हा सुरेखाताईंचा धंदा. मालक फक्त वास्तुशांतीला येतो, त्यामुळे कुणाची नजर नसतानाही काम चोख करायची सवय. नंबर मी दिला, एवढाच माझा वाटा. पुढचं सगळं मामींनी फोनवर केलं, मामा बाजारात गेलेले बघून.

मग एका रविवारी मामींनी तिघांना जेवायला बोलावलं. मीही होते. जिन्यातून बसाप्पा वर आला तेव्हा कठडा हातातच आला, तो त्यानं दाराशी टेकवून ठेवला. बिर्याणी झाली, सुपारी झाली, आणि मामी म्हणाल्या, "घराचं काम दिलं."

मामांच्या हातातला अडकित्ता थांबला. "कुणी दिलं?"

"मी. विट्याच्या सुरेखाताईला. परवा पाया."

इकबालचं तोंड एवढंसं झालं. "आपा, मी सख्खा भाऊ तुझा."

"म्हणून तर," मामी म्हणाल्या. "तू पडलास, संपतराव पडलं, बसाप्पा पडला. एक जिकून दोन पडलं आसतं, तर दोघांनी एकाकडं बघितलं नसतं आन् तिघांनी आमच्याकडं. आता तिघं एका रांगंत हायसा. बसा खुशाल."

बसाप्पा आधी लालबुंद झाला. नाकपुड्या फुगल्या. मला वाटलं आता बिर्याणीचं पातेलं जाणार खिडकीतून. आणि मग तो एकदम हसायला लागला, असा, की खाली गल्लीतून कुणीतरी काय झालं म्हणून विचारलं. संपतराव उठून उभे राहिले आणि मामींना त्यांनी कडक सॅल्यूट ठोकला. इकबालनं उरलेली सुपारी खिशात घातली, म्हणजे राग गेला.

मामा मात्र अजून हिशेबात होते. "पर तू कोटेशन एकच घेतलंस," ते हळूच म्हणाले.

"तीन तुमची ट्रंकेत हायती," मामी म्हणाल्या. "ह्ये चौथं. नियमापरास एक जास्तच झालं."

पुढचे चार महिने सुरेखाताईंनी जे सोसलं ते त्याच जाणोत. त्यांच्या डोक्यावर तीन पडलेले ठेकेदार होते, आणि पडलेल्यांचे हक्क तिघांना पाठ होते. रोज सकाळी तिघे मोटारसायकलींवरून हजर. सुरेखाताईंनी दोन दिवस सहन केलं आणि तिसऱ्या दिवशी इकबालच्या हातात टेपचं एक टोक दिलं. "आलाच आहात तर धरा." संपतरावांना पाण्याच्या टँकरवर नेमलं, बसाप्पाला लोखंड उतरवायला. मोरीच्या फरशीला उतार किती यावर तिघांचं एकदा कडाक्याचं भांडण झालं. मामीचा पाय घसरेल, नाही पाणी साचेल, नाही दोन्ही होईल. सुरेखाताईंनी मधे येऊन बादलीभर पाणी ओतलं. ते सरळ जाळीकडे गेलं आणि तिघांच्या चपला भिजवून गेलं. त्या दिवसापासून ग्रुपवर सुरेखाताईंनाही घेतलं. एवढं सरळ घर त्या भागात दुसरं नाही. स्लॅबला पहिल्या पंगतीत तिघे बसले आणि सुरेखाताईंनी पदर खोचून वाढलं. संपतराव रस्सा मागताना "मॅडम" म्हणाले.

त्याच उन्हाळ्यात संस्थेनं माझी बदली साताऱ्याला केली. मामांचा फोन अजून महिन्यातून एकदा येतो, तिकडे डाळींब काय भाव म्हणून विचारायला. पण डोळ्यांसमोर येतात ते घरात जायच्या दिवसाचे मामा.

मामींना खाली कसं आणायचं यावर साहजिकच तीन मतं होती. खुर्चीत बसवून, झोळीत घालून, की बसाप्पानं सरळ उचलून. मामींनी कुणाचं ऐकलं नाही. भिंतीला हात लावून, एकेका पायरीवर बसत त्या स्वतःच उतरल्या, आणि मामा पुढं उलटे तोंड करून, दोन्ही हात पसरून, मागे बघायचं विसरून उतरले. रिक्षा नव्या घरापुढं थांबली तेव्हा दुपारचे बारा वाजून गेले असतील. दारात सगळे उभे होते. मुली, जावई, तिघे ठेकेदार, सुरेखाताई. आत घरभरणीच्या फातेहाची तयारी, शिऱ्याचा वास. दाराला पायरी नव्हती, नुसता उतार होता.

मामी रिक्षातून उतरल्या. चपला काढल्या. आणि आत न जाता तिथंच, उताराच्या अलीकडे, उघड्या मातीवर उभ्या राहिल्या. पायाची बोटं त्यांनी मातीत थोडी रुतवली. सगळे वाट बघत होते.

"चल की आत," मामा म्हणाले. "माणसं थांबल्यात."

"थांबू द्या."

मामांनी दाराकडे बघितलं. माणूस ताटकळलेला त्यांना कधी बघवत नसे, आणि इथं तर सगळेच ताटकळले होते. इकबाल हातानं खुणा करत होता. मामांनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा मामींकडे. मग खाली वाकून त्यांनी आपल्या चपला काढल्या, दाराकडे पाठ केली आणि मामींशेजारी जाऊन उभे राहिले.

उन्हानं माती तापलेली होती. मामा एकदा या पायावर, एकदा त्या पायावर होत होते.

"भाजतंय व्हय?" मामींनी विचारलं.

"न्हाई," मामा म्हणाले.